भैरवकड्याचा नारू

शके सोळाशे ब्याण्णवचा ज्येष्ठ. भैरवकड्यावर उजाडलं, पण नौबत झडली नाही. ती वाजवणाऱ्याच्या दोन्ही पायांत नारू झाला होता. खालच्या गावांतली शेतं दुसऱ्या सालीही पडीक होती, कारण नांगर धरणारे हात गडावरच्या शिपायांचेच, आणि त्यांतले निम्मे जण घोट्यातून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळीत, रोज बोटभर ओढीत, तटाच्या सावलीला पडले होते. पेरा नाही म्हणून सारा नाही, सारा नाही म्हणून कोठारात दाणा नाही. हे हेरूनच शेजारचे सरदार काटे पायथ्याशी मोर्चे लावून बसले होते.

"सरकार, आजाऱ्यांना गडाखाली घाला," कारभारी विसाजीपंत म्हणाले. "बसून खाणारी तोंडं पोसवत नाहीत आता."

"काट्यांच्या तलवारीखाली? मग पंत, पहिला मलाच घाला," किल्लेदार सुभानराव हसले. त्यांच्याही गुडघ्यात नारू होता. हे पंतांना आणि पत्नी सगुणाबाईंना तेवढं ठाऊक.

दुपारी तहाच्या निमित्ताने काट्यांचा वकील गडाचं बळ पाहायला आला. तटावर आजारी शिपाई भिंतीआड बसवले होते; बाहेरून पागोटी आणि भाले तेवढे दिसत. वकील सदरेच्या पायऱ्यांखालीच थांबला.

"धन्यांचा खलिता किल्लेदारांनी उतरून घ्यावा. की गुडघा दुखतो?"

पडद्याआडून सगुणाबाईंनी पंतांकडे पाहिलं. पंत जाजमाकडे पाहत होते. नारू आत तुटला तर पाय जाईल, असं वैद्यांनी बजावलं होतं.

"आपण उठू नका," त्या कळवळून कुजबुजल्या.

"पाहुणा दमलाय. चार पायऱ्या आम्हीच उतरू," म्हणत सुभानराव उठले. मधल्या पायरीवर त्यांची मूठ आवळली. बाईंना त्यांची पाठच दिसत होती. ती वाकली नाही. खलिता घेऊन ते वर आले आणि वकिलाने सावकाश विडा चघळून संपवीपर्यंत उभेच राहिले.

"गड धडधाकट आहे," वकिलाने जाऊन सांगितलं. पाऊस तोंडावर होता. काट्यांनी वेढा उठवला.

एकही आजारी गडाखाली गेला नाही. सुभानरावांचा पाय मात्र सडून आखडला. ते पुन्हा घोड्यावर बसले नाहीत. पंत काट्यांकडे गेले, तिथेही कारभारीच झाले. खरं कळल्यावर वकिलाचं वतन जप्त झालं. पेरा त्याही साली झाला नाही, पुढच्याही नाही. अखेर उपाशी माणसांसाठी अभय मागून, एक गोळी न उडता, गड काट्यांच्या हवाली झाला. त्या दिवशी सुभानरावांच्या पालखीला सगुणाबाईंनी स्वतः खांदा दिला. चालू शकेल असा चौथा भोई गडावर उरला नव्हता.