माहेरचा रकाना

सकाळी सगुणाबाईंनी लसींच्या फ्रिजचं झाकण उचललं की आतून कुरकुर सुरू व्हायची.

"माझे तापमान साडेसात अंश आहे. कृपया झाकण लवकर लावावे."

"लावते गं बाई. तोंड तरी बघू दे तुझं."

कुप्या बोलायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. प्रत्येक कुपीच्या बुचात मोहरीएवढा एक मणी बसवलेला असायचा. तो ऊन-थंडी मोजायचा, आपण कुठल्या गावात आहोत ते ओळखायचा आणि काही बिनसलं की बोलायचा. त्याला वीज लागायची नाही, नुसत्या हलण्याडुलण्यावर त्याचं पोट भरायचं. लस दोन अंशांच्या खाली गेली तर गोठून मरते, आठच्या वर गेली तर तापून मरते. मधल्या सहा अंशांत तिचा सगळा संसार. पूर्वी ती मेली तरी बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही. आता ती मरायच्या आधी बोंब मारायची, फक्त भाषा तेवढी सरकारी. एकदा लाँच धरणाच्या पाण्यात मधोमध बंद पडली, तेव्हा पेटीतल्या चाळीस कुप्यांनी मिळून 'कृपया लक्ष द्यावे'चा असा कल्ला केला म्हणे, की पैलतीरावरच्या शंभर म्हशी उठून उभ्या राहिल्या. काहीजण दोनशे सांगतात.

सगुणाबाई उतेकर ही कातळखोऱ्याची नर्स. खोरं म्हणजे धरणाच्या पाण्यापलीकडची अकरा वाड्या-वस्त्यांची बेचकी. जायला यायला लाँच, नाहीतर पाय. सव्वीस वर्षांत बाईंच्या हातून एकही कुपी वाया गेली नव्हती, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस खोऱ्यात भेटला, तर तो नक्की आत्ताच लाँचमधून उतरलेला असायचा. कारण दुसऱ्याच वाक्याला बाई त्याला ते सांगायच्याच.

बोलक्या कुप्यांच्या वर एक डोकं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेली यंत्रबुद्धी. कागदावर तिचं नाव 'समवाटप प्रणाली', पण सगळ्या नर्सा तिला वाटप्या म्हणायच्या. कुठल्या गावात कोण गरोदर आहे, तारीख कधीची, कुठल्या फ्रिजमध्ये किती जागा आहे, सगळं वाटप्याला पाठ. बाळंतपण जवळ आलं की आईच्या नावाची एक कुपी घारीतून त्या गावी रवाना. घार म्हणजे लसपेटी घेऊन उडणारं छोटं बिनमाणसाचं विमान. एक जीव, एक कुपी, ना कमी ना जास्त. आधी एका केंद्रात लस पडून सडायची आणि दुसऱ्या केंद्रातून बायका लेकरं घेऊन रिकाम्या हाती परत जायच्या. ते वाटप्यानं बंद केलं. सगुणाबाईंना त्याचं कौतुक होतं. नाव ठेवायला कुठं जागाच नाही म्हणून थोडा रागही होता.

ती जागा माघ महिन्यात सापडली.

पैलतीरावरच्या बाजारगावात डांग्या खोकला शिरला. मोठ्यांना तो नुसता हैराण करतो, पण तान्ह्या बाळाचा श्वासच कोंडतो. त्यावरची नवी लस जन्मल्यापासून पंधरा दिवसांच्या आत टोचली तरच लागू पडायची. सगुणाबाईंनी भिंतीवरच्या यंत्राला विचारलं, "वाटप्या, माझ्या खोऱ्यात कुप्या कधी पाठवतोस?"

"कातळखोरे. नवजात बालके शून्य. कुप्या शून्य."

"शून्य? अरे, सात पाळणे हलतायत इथं! थोरलं बाळ आठ दिवसांचं आहे, धाकटं कालचं."

"सातही मातांचे पत्ते अन्यत्र आहेत. त्यांच्या कुप्या त्या त्या गावी पोचल्या आहेत."

"ते सासरचे पत्ते! पोरी पहिलटकरणी आहेत. बाळंतपणाला माहेरी आल्यात."

वाटप्यानं नोंदी चाळल्या. 

"माहेर हा शब्द माझ्या नोंदीत नाही. स्थलांतराचा अर्ज करावा. पडताळणीस तीस दिवस लागतील."

"पंधरा दिवसांत द्यायची लस तू तीस दिवसांनी देणार? आणि माहेरी येणं म्हणजे स्थलांतर नव्हे रे बाबा."

"मग काय असते?"

सगुणाबाई दाराकडं बघायला लागल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीनं, केसरनं, शहरात स्वतःच्या मनानं लग्न केलं होतं. तेव्हा दारात उभ्या असलेल्या पोरीला त्या म्हणाल्या होत्या, "आजपासून माहेर मेलं म्हण तुला." पोरगी तशीच मागं फिरली. तिनं फोन केला नाही, यांनीही केला नाही. दोघीही उतेकरच.

बाईंनी पदर खोचला आणि जिल्ह्याला फोन लावला. साठा अधिकारी नेत्रा वझलवार, वयानं तरुण, कामाला चोख.

"सिस्टर, नियम आहे तो. पत्ता एका दिवसात बदलता यायला लागला तर उद्या कुणीही कुणाचीही लस पळवेल."

"मॅडम, तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

"नागपूरला. आईकडे."

"का? नवऱ्याच्या गावात दवाखाना नव्हता?"

 मग मॅडम हळूच म्हणाल्या, "पण सिस्टर, तसा रकानाच नाहीये."

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. त्या असं 'बरं' म्हणाल्या की खोऱ्यातली माणसं लांब सरकायची.

सात सासरगावांतल्या सात फ्रिजमध्ये सात कुप्या बसून कंटाळल्या होत्या. बाईंनी त्या सातही गावच्या नर्सांना फोन केले. नर्सांचं आपसात एक गोत असतं, त्याला वाटप्याची परवानगी लागत नाही. त्या म्हणाल्या, ज्या आईच्या नावची कुपी आहे तिच्याच घरच्या माणसाच्या हाती आम्ही सही घेऊन देऊ, पण एवढ्या लांब आणणार कोण?

"त्याची काळजी माझी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी सातही सासरी निरोप धाडला: येत्या रविवारी दुपारी सातही बाळांचं बारसं एकदम, खोऱ्यातल्या माझ्या कातळवाडीच्या समाजमंदिरात. सासूनं आणि आत्यानं यायचंच. सोबत अंगडं-टोपडं असो नसो, तुमच्या गावची नर्सबाई देईल ती पेटी पाहिजेच. आणि जी आत्या कुपीशिवाय येईल, तिला बाळाच्या कानात नाव सांगू दिलं जाणार नाही.

आता सासू एखाद्या वेळी रुसून घरी बसेल, पण नाव ठेवायचा मान सोडणारी आत्या अजून जन्माला यायचीय. रविवारी सकाळी सात दिशांनी सात पेट्या निघाल्या. कुणी एसटीत, कुणी दूधगाडीत, एक तर बुलेटवर. आणि पेटीतल्या कुप्यांनी वाटभर जी कटकट केली म्हणता! "माझे तापमान वाढत आहे. कृपया सावलीत ठेवावे." "कृपया धक्के देऊ नयेत." सासवा उठून सावलीकडच्या बाकावर बसत होत्या, पेटीवर पदर धरत होत्या. आयुष्यभर सुनेच्या चुका काढलेली एक सासू कंडक्टरला म्हणाली, "काय सांगू, एवढी तक्रारखोर आमची सूनसुद्धा नाही हो."

तिकडं जिल्ह्याच्या ठिकाणी वाटप्याच्या पडद्यावर सात ठिपके पेटले. सात गावांतून सात कुप्या हलल्या होत्या आणि सगळ्या एकाच दिशेनं चालल्या होत्या, नेमक्या शून्य बाळांच्या खोऱ्याकडं. वाटप्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा तांबडी सूचना दिली: संघटित चोरी.

दुपारी लाँच धक्क्याला लागली तेव्हा तीत सात सासवा, सात आत्या, सात पेट्या, एक हवालदार आणि नेत्रा मॅडम असा ऐवज होता. हवालदाराच्या मांडीवर कुणाची तरी पेटी होती आणि ती त्याला "कृपया गुडघे हलवू नयेत" म्हणून दटावत होती.

"सिस्टर, हे काय चालवलंय तुम्ही?" मॅडम उतरता उतरताच म्हणाल्या.

"बारसं. या, पाय धुवा." बाईंनी समाजमंदिराचं दार उघडलं. आत ओळीनं सात पाळणे. "हे तुमचं शून्य, मॅडम. मोजून घ्या."

मॅडमनी मोजलं. मग पुन्हा मोजलं. एका पाळण्यातल्या शून्यानं त्यांचं बोट धरून ठेवलं.

"लस आधी, नाव मागनं," सगुणाबाईंनी हुकूम सोडला. एकेक कुपी हातात घेऊन त्या विचारायच्या, "कशी आहेस?" कुपी म्हणायची, "माझे तापमान पाच अंश आहे. मी वापरण्यायोग्य आहे." टोचलं की बाळ रडायचं आणि मागं आज्ज्या डोळे पुसायच्या. अशी सहा झाली. सातवी पेटी गोदाक्का नावाच्या सासूबाईंची. कुपी बोलेना.

"आक्का, ही गप्प का?"

गोदाक्का खूष होत्या. "अहो, सकाळपासनं गरम होतंय, गरम होतंय म्हणून डोकं खाल्लं माझं. स्टँडवर कुल्फीवाला होता, त्याच्या बर्फात बसवली अर्धा तास. काढली तर एकदम गार! तेव्हापासनं चकार शब्द नाही. सुखावली बिचारी."

सगुणाबाईंनी ती कुपी आणि आधीच्या बाळाची, तळाला थोडी लस उरलेली कुपी दोन्ही एका हातात धरल्या, हलवल्या आणि खिडकीत ठेवल्या. चांगल्या कुपीतलं पाणी दुधाळ राहिलं. गोठलेलीतला पांढरा चोथा बघता बघता तळाला बसला. सगळं समाजमंदिर बघत होतं.

"मेली," बाई म्हणाल्या.

गोदाक्कांचा चेहरा उतरला. "माझ्या नातीचीच? मी जपूनच आणली हो, उन्हाची झळ लागू दिली नाही..."

"आक्का, चूक माझी. थंडीपण लागते आणि थेट बर्फात मणी आधी गोठून मुका होतो, हे मी तुम्हाला सांगायला हवं होतं." बाईंनी पिशवीतली नोंदवही काढली आणि सव्वीस वर्षं कोऱ्या असलेल्या 'वाया' या रकान्यात स्वतःच्या नावानं एक लिहिला. अक्षर ठसठशीत आलं. "आता बोला, मॅडम. बाळ चौदा दिवसांचं आहे. आठवी कुपी आणायची कुठून?"

नेत्रा मॅडमनी टॅबलेट उघडला. वाटप्या म्हणाला, "कातळखोरे. नवजात बालके शून्य."

"माझ्यासमोर आहेत सात," मॅडम म्हणाल्या. "नवीन रकाना उघड. नाव लिही, माहेर."

"व्याख्या द्यावी."

 मॅडमनी बाईंकडं पाहिलं. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. जिथं न विचारता जाता येतं ते. जिथं दुपारी झोपलं तरी चालतं ते. जिथं चहा आयता मिळतो ते! वाटप्या म्हणाला, "कृपया एकाने बोलावे."

"लिही," सगुणाबाई म्हणाल्या.  "पत्ता बदलला तरी जे बदलत नाही ते गाव. पहिल्या खेपेला बाई तिथं जाते."

"आणि कुणी खोटं लिहिलं तर?" मॅडमनी विचारलं. "खात्री कोण करणार?"

"मी. त्या त्या गावची नर्स. लेक कुणाची आहे ते गावातल्या नर्सला ठाऊक असतं. तिला विचारायचं, हो की नाही."

वाटप्यानं लिहून घेतलं. चाळीस मिनिटांनी समाजमंदिरावर घार घिरट्या घालायला लागली. गोदाक्कांच्या नातीला टोचलं, तिनं असा भोंगा लावला की हवालदारसुद्धा टाळ्या वाजवायला लागला. नाव ठेवलं नेत्रा. आत्याला दुसरंच ठेवायचं होतं, पण त्या दिवशी तिचं कुणी ऐकलं नाही.

त्या साथीत खोऱ्यातल्या एकाही पाळण्यात डांग्या खोकला शिरला नाही. दोन महिन्यांत तो रकाना सगळ्या जिल्ह्यांच्या अर्जात आला. इतर राज्यांतली माणसं माहेर म्हणजे काय ते विचारायला यायला लागली. सगुणाबाई प्रत्येकाला चहा द्यायच्या आणि गोष्ट सांगायच्या. एव्हाना तीत सासवा सात होत्या तरी हवालदार तीन झाले होते.

वैशाखात एका सकाळी घार अंगणात उतरली. बाईंनी पेटी आत नेऊन उघडली. आत एकच कुपी.

"वाटप्या, चुकलास. या महिन्यात माझ्याकडं बाळंतीण नाही कुणी."

"तीन आठवड्यांनी आहे. मातेने रकाना स्वतः भरला आहे. आपल्या नियमाप्रमाणे गावच्या नर्सकडून खात्री करायची आहे. हो किंवा नाही म्हणावे."

"कोण आहे ती?"

बुचातला मणी आपल्या सरकारी आवाजात बोलला, "मी केसर हिच्या बाळासाठी आहे. माझे तापमान चार अंश आहे."

 सगुणाबाईंनी कुपी दोन्ही हातांत धरली, मग हाताची ऊब लागेल म्हणून चटकन फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली, जिथं बर्फही लागत नाही आणि झळही. झाकण लावायला मात्र त्या विसरल्या. आतून कुपी तक्रार करायला लागली.

"उत्तर नोंदवले गेले नाही," वाटप्या म्हणाला. "पुन्हा विचारतो. केसरचे माहेर कातळवाडी, हे बरोबर आहे का?"