विसाव्याचे धावडे

सोमीबाई टेकडी चढली आणि जागीच थबकली. धावड्याचं आणखी एक झाड वाळून गेलं होतं. तिनं नखानं साल खरवडली. आत ना ओल, ना हिरवं.

धावडे यानंच मारले म्हणून खाली गावात योसेफनं धुडकू मेंढपाळाचा कळप कोंडवाड्यात घातला होता. सकाळपासून मेंढ्यांच्या तोंडाला पाणी नव्हतं. दुपारी सभा होती. धुडकू दोषी ठरला, तर नवापूरच्या या डोंगरात त्याची चराई कायमची बंद.

जंगल साऱ्या गावाचं. निम्म्या धावड्यांचा डिंक काढायचा, उरलेल्यांना वर्षभर विसावा द्यायचा, हा गावाचा नेम. विसाव्याच्या झाडांना चुन्याचा पट्टा. राखणीला योसेफ, वनसमितीची अध्यक्ष सोमीबाई. आणि मेली ती सगळी पट्ट्याचीच झाडं.

तिनं खोडावरून हात फिरवला. साल शाबूत होती. एका जागी मात्र बोट अडलं. मातीचा गोळा! काट्यानं उकरला, तर आत सरळ भोक. सुतार गिरमिटानं पाडतो तसं.

शेजारचा धावडा अजून जिवंत होता. त्याच्या भोकावरची माती ओली होती आणि बाजूनं डिंक भळभळत होता. इतका डिंक तिनं जन्मात पाहिला नव्हता.

ती कोंडवाड्याशी आली.

"धुडकू, गिरमिट आहे तुझ्याकडं?"

"मन्हाकडे कुऱ्हाड नि काठी शे, माय. गिरमिट लिसन मेंढीले शिंगं बसाडू का?"

"थट्टा पुरे. धावडे तू मारलेस?"

"आते पाला तरी शे का त्याले? नि झाड मरी गयं ते पुढला साल मन्ह्या मेंढ्या काय खातीन?"

कुंपणाआड एक मेंढी जीभ काढून धापत होती. सोमीबाई तिथून थेट योसेफच्या ओट्यावर गेली.

"या काकी, उन्हाच्या आलात." योसेफनं केळी पुढं केली. "खा. परसातला घड आहे, परवाच उतरवला."

साल हळदीसारखी पिवळी, देठ हिरवागार. सोमीबाईनं घास घेतला. गाभा कच्चा, तुरट.

"तुझा पुतण्या दानियल दिसत नाही?"

"महिना झाला, होळी करून गेला शहाद्याला. केळी पिकवायच्या गोदामात कामाला आहे ना तो."

"धुडकूला झाडं मारताना तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी! कुऱ्हाडीनं साल तासत होता."

सोमीबाईनं उरलेलं केळं पदराला बांधलं.

सभेला सारा गाव लोटला. धुडकू एका कडेला उकिडवा बसला होता. सोमीबाई उभी राहिली.

"योसेफ म्हणतो, कुऱ्हाडीनं साल तासली. जाऊन बघा, मेलेल्या एकाही खोडाची साल तासलेली नाही. भोकं आहेत, वर मातीचं बूच. हे केळं बघा. परवा उतरवलेला घड आज पिवळा कसा? देठ हिरवा, गाभा कच्चा. पिकवायचं औषध लावल्याशिवाय असं होत नाही. तेच औषध खोडात ओतलं की झाड जिवाच्या आकांतानं डिंक सोडतं. थोडं घातलं तर तगतं, अतिरेक झाला की मरतं. पलीकडच्या डोंगरात असंच सारं रान वाळून गेलं."

योसेफ उसळला. "औषध दानियलनं आणलं! त्यालाच विचारा."

"विचारू. पण तो होळीलाच गेला, आणि एका भोकावरची माती आज ओली आहे. शिवाय पट्ट्याच्या झाडाचा डिंक रोज खरवडून न्यायचा, तोही राखणदाराला न दिसता? ते जमेल फक्त राखणदाराला. झाडं वाळली तशी तुला कुणीतरी परका हवा होता. धुडकू आयता सापडला."

योसेफचे खांदे पडले.

"एकाच झाडाला करणार होतो, काकी. मग हात थांबेना. वाटलं, मी नाही काढला तर दुसरा कोणी ओरबाडेलच."

"दुसरा कोण, योसेफ? राखायला तर तूच होतास."

सोमीबाईनं केळं खाली ठेवलं.

"तुझी राखण संपली. दंड सभा ठरवेल," सोमीबाई म्हणाली. "आधी कोंडवाडा उघड. तुझ्याच हातानं."

योसेफनं अडसर काढला, पण वाटेतून हलला नाही. धुडकूपुढं हात जोडून काहीतरी पुटपुटत राहिला. आतून मेंढ्या फळीवर धडका देत होत्या.

धुडकूनं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"ते मांगून बोल, दादा," तो म्हणाला. "आते बाजूले सरक. त्यासले तहान लागेल शे."