सर्व्हरच्या पेटीतली धूळ

"चोरी झालीय, पण पेटी जागेवरच आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि भावोजींच्या डोक्यात पहिल्याच वाक्याला गोंधळ सुरू झाला.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांचे धाकटे दीर, म्हणजे भावोजी, नोकरी सुटल्यापासून त्यांच्याबरोबर फिरत. पिशवी धरायला आणि चुकीचे तर्क लढवायला.

जुन्या संगणकवर्गातल्या टेबलावर एक करडी पेटी होती. 'सर्व्हर – बंद करू नये' अशी चिठ्ठी तिच्यावर डकवलेली. एके काळी वर्गातले सगळे संगणक तारांनी या पेटीला जोडलेले असत. मुलं जे काही लिहीत, ते तिच्यातल्या विटेएवढ्या डिस्कवर साठे; बाकीच्या संगणकांत डिस्क नव्हतीच. प्रत्येक मुलाचा वेगळा कप्पा, वेगळा पासवर्ड. आता एक संग्रहालय ही पेटी मुलांच्या लिखाणासकट नेणार होतं.

"शनिवारी आमच्या संगणकाच्या जुन्या मास्तरांनी चालवून दाखवली," बाई म्हणाल्या. "आज संग्रहालयाचे साहेब ठरल्याआधीच आले. सुरू केली तर पडदा काळा. उघडली तर आत डिस्कच नाही! एका पिढीचं बालपण गेलं हो."

वहिनींनी झाकण उचलून टॉर्च मारला. तळावर या कडेपासून त्या कडेपर्यंत धुळीचा सारखा, मऊ थर होता.

"झाडलोट अजिबात नाही," भावोजींनी शेरा मारला.

वहिनी चिठ्ठीची सुटलेली कड नखानं चाचपत होत्या. मग त्या मागच्या भिंतीशी गेल्या. तिथे बंद पडलेल्या संगणकांचा ढीग होता. सगळे त्याच करड्या रंगाचे.

संग्रहालयाचे साहेब वैतागले होते. "मी कशाला चोरू? मला तर मिळणारच होती. शनिवारी मास्तरांनी एक-दोन कप्पे उघडून दाखवले. काय गोड लिहितात मुलं! एकीनं लिहिलंय, मला आईच्या खोलीतल्या कपाटात झोपायला आवडतं. म्हटलं, हे तर मोठ्या अक्षरात भिंतीवर लावू."

शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरून उभे होते. "शनिवारी सगळे गेल्यावर वर्ग मीच बंद केला. मास्तर मागं थांबले होते तारा गुंडाळायला. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी मागच्या फाटकाशी बोलावली होती. मी फाटक उघडून दिलं नि घंटेकडे गेलो."

ग्रंथपालबाई याच शाळेत शिकलेल्या. त्यांना वेगळाच राग होता. "माझी पुस्तकांची ढकलगाडी मागच्या फाटकाशी सापडली. कुणी नेली, कुणास ठाऊक!"

"ही घ्या चोर," बाहेर येताच भावोजी कुजबुजले. "स्वतःच ओरडतेय."

वहिनी मास्तरांच्या घराकडे चालू लागल्या.

मास्तर शाळेमागेच राहत. संगणकवर्ग त्यांनी उभा केला होता आणि निवृत्त होईपर्यंत सांभाळला होता; सगळे कप्पे उघडणारा पासवर्डही त्यांच्याकडेच होता. स्वेटर, मफलर आणि काखेत हात, अशा थाटात त्यांनी दार उघडलं.

"तुमचा सर्व्हर बंद पडलाय," वहिनी म्हणाल्या.

"यंत्रच ते. वय झालं." मास्तरांनी मान हलवली.

आतल्या खोलीतून सारखी घरघर येत होती.

"कसला आवाज?"

"पंखा. जुना झालाय तोही."

रस्त्यावर आल्यावर भावोजी म्हणाले, "साधा माणूस. आता भंगारवाल्याकडे जायचं ना, डिस्क तिथे विकली असेल तर?"

"नाही. सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलवा. मास्तरांनाही."

सगळे जमले. वहिनींनी सुरुवात केली. "डिस्क चोरीला गेलीच नाही. ती काढली असती, तर धुळीत तिच्याएवढी स्वच्छ जागा राहिली असती. पण धूळ सलग होती. म्हणजे त्या पेटीत डिस्क कधी नव्हतीच. ती सर्व्हरची पेटी नाही. ढिगातला एक साधा संगणक उचलून त्यावर चिठ्ठी चिकटवली, आणि खरा सर्व्हर अख्खाच बाहेर गेला."

"एवढा जड?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"पुस्तकांच्या ढकलगाडीवरून, मागच्या फाटकापर्यंत. तिथे गाडी कुणासाठी उभी होती?"

शिपाईमामांचं तोंड उघडंच राहिलं. सगळे मास्तरांकडे बघू लागले.

"मी फक्त 'बंद पडलाय' म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "ज्यानं ते यंत्र जन्मभर जपलं, तो 'काय झालं?' एवढंही विचारत नाही? आणि या थंडीत मफलर गुंडाळून कोण पंखा लावतं? मास्तर, सर्व्हर तुमच्या आतल्या खोलीत चालू आहे."

मास्तर उठायला गेले आणि पुन्हा बसले.

"मी मुलांना शब्द दिला होता, तुमचा कप्पा तुमचाच," ते म्हणाले. "शनिवारी मला वाटलं, एखादी कविता दाखवू. पण ते वाक्य पडद्यावर आलं, साहेब हसले, आणि मला माझा शब्द आठवला. प्रत्येकाचं लिखाण उतरवून ज्याचं त्याला द्यायचं, असं ठरवलं. परवा साहेब यायच्या आत पेटी परत ठेवणार होतो."

"पण त्यात वाईट काय होतं?" भावोजींना खरंच कळेना.

"लहान मूल हौसेनं कपाटात झोपत नाही, भावोजी," वहिनी हळूच म्हणाल्या. साहेबांनी मान खाली घातली.

कोपऱ्यातून आवाज आला. "तो कप्पा माझा आहे."

ग्रंथपालबाई उभ्या होत्या. "पासवर्ड अजून आठवतो मला. वाचू द्याल?"

शिपाईमामांनी सर्व्हर परत आणला, मास्तरांनी तारा जोडल्या. ग्रंथपालबाई पडद्यासमोर बसल्यावर बाकीचे व्हरांड्यात येऊन थांबले. भावोजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिले. पुसून टाकेल? रडेल? त्यांना काहीच अंदाज येईना.

आत छपाईयंत्र खरखरलं. ग्रंथपालबाई कागदाची घडी घालत बाहेर आल्या.

"बाकीचं त्या त्या मुलांना विचारून न्या," त्या साहेबांना म्हणाल्या. मग मोठ्या बाईंकडे वळल्या. "मला आज लवकर जाऊ द्या, बाई. बाबा पिऊन आले की आई मला कपाटात दडवायची आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहायची. मी तिच्याबद्दल इतकं लिहिलंय, आणि तिनं ते कधी वाचलेलंच नाही."