शेवंताबाईंच्या पाठीचा उजेड

प्रयोगशाळेतल्या टेबलावर शिसवीचा काळाभोर ठोकळा ठेवला होता. डॉ. इरावती साबडेने त्यावर तळहात दाबून धरला, सावकाश शंभर आकडे मोजले आणि हात उचलला. ठोकळ्यावर पाच बोटांचा पंजा पिवळसर उजळला होता.

समोर डॉ. केंजळे बसले होते. नव्या शोधांना परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणारे सरकारी परीक्षक. इरावतीच्या अकरा वर्षांच्या कामाचं भवितव्य या गृहस्थांच्या हातात, आणि गृहस्थ तर कशानेच हुरळत नव्हते.

"हा ऊबप्रकाशी लेप," इरावती म्हणाली. "माणसाच्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडते. लेप ती टिपून ठेवतो आणि पुढचे वीसेक दिवस उजेडाच्या रूपात थोडी थोडी परत देतो."

"हीटरची उष्णता चालेल?"

"नाही सर. अंगाच्या तापमानालाच तो जागा होतो."

"आणि काळंच लाकूड का?"

"पांढरं लाकूड आलेली ऊब परत पाठवतं, काळं ठेवून घेतं. जड, काळ्या फर्निचरमुळे ज्यांच्या दिवाणखान्यात भर दुपारी दिवे लावावे लागतात, त्यांच्यासाठीच हा लेप आहे. घरात जितकी माणसांची उठबस, तितका उजेड."

केंजळे म्हणाले, "प्रयोगशाळेत सगळंच उजळतं हो. राहत्या घरात दाखवा."

"माझ्याच घरी या की. आमच्याकडे माणसांचा सारखा राबता असतो."

ही शुद्ध थाप होती. घरात माणसं तीन. नवरा त्याच्या खोलीत, मुलगी तिच्या खोलीत आणि इरावती प्रयोगशाळेत. सासऱ्यांनी हौसेने घडवून घेतलेला शिसवी सोफा आणि भिंतीएवढं कपाट दिवाणखान्यात अंधार करून बसलं होतं. कारागिरांनी त्या सगळ्यावर लेप दिला, तो वाळला आणि इरावतीने सवयीने सोफ्याला पुन्हा अभ्रे घातले. अभ्रे फक्त पाहुण्यांसाठी काढायचे, हा त्या घरचा नेम. शास्त्रज्ञ झाली म्हणून काय झालं, सोफा मळू नये हे आधी.

चाळीस दिवसांनी दुपारी केंजळे आले. इरावतीने अभ्रे काढले, पडदे ओढले. सोफा काळाच्या काळा.

"आणि हे काय?" केंजळे म्हणाले.

बाल्कनीच्या बाजूला कपाटाची एक कड उजळली होती. जमिनीपासून दोन हात उंच, एका रुंद पाठीएवढी. तेवढ्या उजेडाने सगळा कोपरा उबदार दिसत होता. केंजळ्यांनी तिथे वाकून आपले कागद वाचून पाहिले, कॅमेऱ्याने छायाचित्र घेतलं.

"कोण बसतं इथे?"

इरावतीला माहीत होतं. शेवंताबाई. बारा वर्षं या घरचा स्वयंपाक करणाऱ्या. दुपारी काम उरकलं की त्या तिथे जमिनीवर, कपाटाला टेकून भाकरी खात. सोफ्यावर बसू नका असं त्यांना कुणी कधी म्हटलं नव्हतं, आणि बसा असंही म्हटलं नव्हतं. घरचं कुणी चाळीस दिवसांत इथे टेकलं नाही, आणि जी टेकली ती जमिनीवर, हे परक्या माणसाला कसं सांगायचं? खोटं बोल पण रेटून बोल, तसं ती म्हणाली, "मीच बसते. वाचायला."

शेवंताबाई पाण्याचे पेले घेऊन दारातच उभ्या होत्या. इरावतीची कानशिलं तापली.

"छान," केंजळे म्हणाले. "पुन्हा एकदा बघू. महिन्याने येतो."

ते गेल्यावर शेवंताबाईंनी पेले उचलता उचलता विचारलं, "ताई, मी बसते ते दिसतं व्हय तिथं?"

"दिसतं," इरावती म्हणाली. आणखी काही बोलायला हवं होतं, पण ती सोफ्याला अभ्रे घालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून शेवंताबाई ओट्याशी उभ्यानेच जेवू लागल्या. चार दिवसांनी ते इरावतीच्या लक्षात आलं. बसा म्हणावं, तर आपल्या परवान्यासाठी बसा म्हटल्यासारखं होणार. तिला स्वतःचीच शरम वाटली. शेवटी आपलं खोटं खरं करायला तीच रोज संध्याकाळी दोन दोन तास कपाटाला टेकून बसू लागली.

महिन्याने केंजळे आले. कपाट उजळलेलं होतं. त्यांनी जुनं छायाचित्र शेजारी धरलं.

"ही पाठ अरुंद आहे, आणि वीतभर उंच. आधीची तुमची नव्हती."

चोरी पकडली गेली होती. इरावतीने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"अहो, पाठ कुणाचीही चालली असती," केंजळे म्हणाले. "मला लेप तपासायचा होता, तुमचं घर नाही." आणि त्यांनी तिथेच परवाना दिला.

इरावती स्वयंपाकघरात गेली. "शेवंताबाई, मी तुमचं नाव लपवलं. फार लाज वाटते मला. बारा वर्षांत तुम्हाला वर बसा म्हटलं नाही, त्याचीही. आजपासून सोफ्यावर बसत जा."

शेवंताबाईंनी पदराला हात पुसले. "ते ऱ्हाऊ द्या ताई. हे आता समद्यांच्या घरी लावणार?"

"हो. दिवाळीपर्यंत दुकानांत येईल."

"मग वरच्या मजल्यावरच्या वहिनी घेतील बघा, तिथं बी मीच सैपाक करते. त्यांचं फर्निचर बी असंच काळं हाय." त्या थांबल्या. "त्या हापिसात गेल्या की मी त्यांच्या सोफ्यावर घटकाभर पाठ टेकते. गुडघं लई दुखत्यात. इतकी वर्सं कुणाला कळलं न्हाई. आता कळंल."

इरावतीला तोंड लपवायला जागा उरली नाही. परवाना मिळणार हे धरून लेप विकायच्या करारावर तिने सकाळीच सही केली होती.