वाळवीचं मडकं

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे पुष्कळ असतात. कोणी टोपी टाकतं, कोणी पिशवी. पण तोंडाला फडकं बांधलेलं मडकं ठेवून जागा धरणारा माणूस उत्कर्षाने त्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर पहिल्यांदाच पाहिला.

मडकं खिडकीतून अलगद आत आलं, तिच्या शेजारच्या सीटवर विराजमान झालं, आणि बाहेरच्या सावळ्या हाताने त्याला जरा थोपटलं. मग गर्दीतून वाट काढत हाताचा मालकही आला. तिशीच्या बराच अलीकडचा, शर्टाच्या बाहीला मोटारीच्या ग्रीसचा डाग. त्याने मडकं उचलून मांडीवर घेतलं आणि अंग चोरून बसला. उत्कर्षाच्याही मांडीवर एक ओझं होतंच. दाभणाने भोकं पाडलेल्या झाकणाची प्लास्टिकची बरणी, आणि त्या बरणीत उपाशी बसलेला जावई.

जावई म्हणजे खरा जावई नव्हे. चौऱ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ दिग्विजय लष्करातून सुट्टीवर आला, तो दार्जिलिंगच्या बाजूने एक प्राणी घेऊन आला. वीतभर लांब, काळपट, ओल्या अंगाचा, पाठीच्या दोन्ही कडांना गाठींची रांग. तिकडच्या डबक्यात सापडला म्हणे. सुट्टी संपल्यावर जाताना तो बहिणीला म्हणाला, तू बीएस्सीला प्राणीच शिकतेस ना, मग सांभाळ. अंथुर्ण्यातल्या त्यांच्या परसात गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती, तिच्यात दगड आणि थोडं पाणी घालून त्याची सोय झाली. पण हा गडी काही खाईना. अंडं दिलं, मान फिरवली. सुकट दिली, मान फिरवली. कणकेची गोळी, माशी, गांडूळ, सगळ्यांना एकच उत्तर. आई सिंधुबाईने एवढा मानपान फक्त एकाच नात्यात पाहिला होता. तिने त्याचं नाव जावईबापू ठेवलं आणि ते घरभर झालं.

शेवटी उत्कर्षा त्याला घेऊन कॉलेजात गेली. सरांनी चष्मा वर करून बघितलं, सॅलमँडर म्हणून ओळखलं, आणि बजावलं की हा हलणारं भक्ष्यच खातो, दोन-चार दिवसांनी एकदा खाल्लं तरी त्याला पुरतं, पण आपला उन्हाळा त्याला सोसायचा नाही. जिथून आणला तिथे परत पाठवा. दिग्विजयला तिने स्टँडवरच्या बूथवरून फोन लावला. नागपंचमीला थोडी सुट्टी काढून येतो, जाताना नेतो, असं तो म्हणाला. म्हणजे पंचमीपर्यंत त्याला जगवायचं होतं, आणि जगवायचं कशावर, हे सरांनाही ठाऊक नव्हतं.

गाडी सुटली. कॅनॉलच्या वळणावर एक खड्डा असा आला, की मागच्या सीटवरच्या म्हातारबांचा चष्मा नाकावरून निसटला आणि मडक्याचं फडकं सुटलं. आतून पांढरी, वळवळती वाळवी भराभर बाहेर आली. म्हातारबांनी धोतर गुडघ्याच्या वर घेतलं. कंडक्टर आपल्या पेटीवर फुंकर मारायला लागला. थोडी वाळवी बरणीच्या झाकणावर पडली, भोकांतून आत गेली... आणि आठवडाभर कशालाच तोंड न लावलेल्या जावईबापूंनी लप्पकन तोंड उघडलं.

उत्कर्षा बघतच राहिली. मग तिला इतका आनंद झाला की शेजारी कोण आहे याचं भान सुटलं.

“आमच्या जावयानं पयल्यांदाच खाल्लं,” ती म्हणाली.

शेजारचा वाळवी गोळा करत होता, तो थांबला. त्याची नजर तिच्या गळ्याकडे गेली, तिथून बरणीकडे, आणि बरणीत काय आहे ते कळल्यावर तो जो हसला, ते हसू उत्कर्षा पुढे कित्येक दिवस काढून काढून बघत राहिली.

त्याचं नाव महिपती. गाव लोणी भापकर, काम बारामतीत, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याच्या दुकानात. अंथुर्ण्याच्या पुढच्या गावात बहीण दिलेली, तिच्या कोंबडीने पिलं काढली होती. पिलांना वाळवी मानवते, म्हणून आई धोंडाबाईने मडकं दिलं होतं. त्यांच्याकडे ही जुनी रीत. मेंढरांच्या वाड्याशेजारी ओलं बारदान आणि लेंड्या भरलेलं मडकं संध्याकाळी पालथं घालायचं, सकाळी उचलायचं, आत वाळवीच वाळवी. उत्कर्षाच्या गावात हे जमण्यातलं नव्हतं. कॅनॉलच्या पाण्याने बारमाही भिजलेल्या त्या उसाच्या रानात वाळवी औषधालाही मिळत नव्हती.

“मी आणून देतो की,” ती उतरायला उठली तेव्हा महिपती म्हणाला. “तुमच्या भागात मोटारी काढायला यावंच लागतंय.”

“मुद्दाम नका येऊ.”

“मुद्दाम कुटं... मोटारी जळतात म्हणून येतो.”

त्या पावसाळ्यात अंथुर्ण्याच्या भागात मोटारी फार जळल्या असाव्यात. कारण महिपती दर आठवड्याला येऊ लागला. स्टँडवरून कॅनॉलच्या कडेने चालत यायचा, ओसरीवर बसलेल्या तिच्या वडिलांना, सर्जेरावांना, रामराम घालायचा आणि परसात डोणीपाशी बसायचा. सर्जेराव हुशार शेतकरी. फुकटचा मेकॅनिक दारात आला आहे हे पाहून ते त्याला दरवेळी विहिरीवरचा स्टार्टर दाखवायचे. तोही बिचारा दरवेळी तपासायचा. स्टार्टर ठणठणीत होता.

डोणीपाशी बोलणं व्हायचं ते बरंचसं जावईबापूंविषयी. लोणी भापकरची वाळवी गोड लागते का, एवढा तोरा कुठल्या घराण्याचा. मग बोलता बोलता गोष्ट दुसरीकडे जायची. त्यांच्याकडे पाऊस कसा फसवतो ते तो सांगायचा. ढग येतात, वाऱ्यावर स्वार होऊन डोक्यावरून निघून जातात, आणि माणसं माना वर करून बघत राहतात. लहानपणी तो कळपामागे चालला होता. आता वडिलांनी मेंढरं विकली, चार-दोन उरली.

“मेंढरं गेली तवापास्नं सांज लई मोठी वाटती,” तो एकदा म्हणाला. “येळ जात न्हाय.”

उत्कर्षाने तळहात पुढे केला, त्याने मडक्यातून चिमूटभर वाळवी त्यावर ठेवली, आणि बोटं तिथेच क्षणभर राहिली... वाळवी मनगटापर्यंत चढली तरी तिने हात हलवला नाही. तो गेल्यावर मात्र तिची सांज लांबायला लागली. त्याच्या दिवशी स्टँडवर गाडी थांबल्याचा आवाज आला की भाकरी तव्यावर करपायची. इतर दिवशी आवाज आला तरी करपायची. आईने दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा तिला तव्यापासून उठवलं.

आषाढात डोणी धुताना एक गोष्ट झाली. नव्या दगडांना चिकटून एक बारकं गांडूळ आत पडलं, आणि वाळवीशिवाय कशाला तोंड न लावणाऱ्या जावईबापूंनी ते मटकावलं. उत्कर्षाने दुसरं टाकून बघितलं. तेही गेलं. तिला आनंद झाला, पण तो क्षणभरच. गांडुळं तर उसाच्या सरीत हवी तेवढी. मग लोणी भापकरहून दोन गाड्या बदलून कोणी कशाला यायचं?

तिने कुणाला काही सांगितलं नाही. इथवर ठीक होतं. पण माणूस एकदा लबाडीच्या वाटेला लागला की मध्येच थांबत नाही. पुढच्या खेपेला तिने महिपतीला सांगितलं की जावईबापू वाळले आहेत, आठवड्यातून एकदा पुरत नाही. सरांनी काय सांगितलं होतं ते ती सोयीस्कर विसरली. महिपती आठवड्यातून दोनदा येऊ लागला. पहाटे उठून मडकं भरायचा, दुकानमालकाची बोलणी खायचा. हे तिला कळत होतं, मन खात होतं, आणि तरी सकाळी घरचे उठायच्या आत ती सरीत बसून खुरप्याने गांडुळं काढत होती. जनावर असं गुबगुबीत झालं की लपवायची पंचाईत.

पंचमी जवळ आली. दिग्विजय येऊन दाखल झाला, पंचमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने जनावर घेऊन निघायचं त्याने ठरवलं. सणाच्या आधी महिपती आला, तेव्हा डोणीपाशी दोघांनाही माहीत होतं की ही शेवटची खेप.

“पंचमीला आई मडकं पालथं घालत न्हाय,” तो म्हणाला. “वाळवी आन् वारूळ एकच तिला. त्या दिशी हात लावू देत न्हाय.”

“आमच्यात बी कुणी जमीन उकरत न्हाय,” उत्कर्षा म्हणाली.

“मग... एक दिस उपाशी राहील.”

“राहील.”

“जपा त्याला.”

“हं.”

एवढंच. तो परसाच्या दारातून गेला, आणि उत्कर्षा रिकाम्या मडक्याकडे बघत बसली. ते तो विसरला होता की ठेवून गेला होता, हे तिला ठरवता येईना. ती त्या दिवशी जेवली नाही. आईने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाली. पोट नव्हतं दुखत.

पंचमीला गावातल्या माहेरवाशिणींनी सर्जेरावांच्या अंगणाकडेच्या चिंचेला झोका बांधला होता. चूल पेटली होती, पण सणाच्या रिवाजाप्रमाणे तवा नव्हता, विळी नव्हती. सिंधुबाईने पुरणाची दिंडं वाफवायला ठेवली होती. उत्कर्षाला झोक्याची हौस अजिबात नव्हती. पण झोका उंच गेला की भिंतीपलीकडे स्टँडचा रस्ता दिसतो, हे एकदा लक्षात आल्यावर ती उतरायलाच तयार होईना. तिला पक्कं ठाऊक होतं, आज तो येणार नाही. यायला कारणच नव्हतं. तरी ती झोका उंच, आणखी उंच नेत होती, आणि प्रत्येक वेळी रस्ता रिकामा दिसत होता.

...आणि एकदा नव्हता.

धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, दोन्ही हात मोकळे. महिपती अंगणात येऊन उभा राहिला. ओसरीवर सर्जेराव आणि दिग्विजय बसले होते.

“का रं?” सर्जेराव म्हणाले. “मोटार चालू हाय. आन् वाळवी तर आज न्हाय. मग काय काम काढलं?”

पंचमीला बहीण भावाची वाट बघते. त्याची बहीण तर पुढच्याच गावात होती. तिच्याकडे चाललो, जाता जाता डोकावलो, एवढं म्हणाला असता तर कुणी पुढे विचारलं नसतं. उत्कर्षाने झोक्याचा दोर घट्ट धरला. म्हणू दे तसं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, तसं म्हणाला तर सगळं संपलं.

“बहिणीकडं चाललो म्हणायचं ठरवलं हुतं, आबा,” महिपती म्हणाला. “पण तसं न्हाय. मी उत्कर्षाला भेटायला आलोय. उद्या जनावर गेलं म्हंजी मला हितं यायला कारण उरत न्हाय... आन् आल्याबिगर मला राहवत न्हाय.”

चिंचेखालची गाणी थांबली. दिग्विजय अर्धवट उठला. सर्जेरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं. एकट्याने असा सगळ्यांसमोर उभा राहिलेला महिपती उत्कर्षाला बघवेना. ती झोक्यावरून उतरली आणि अंगणात येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

“आबा, ते जनावर आखाडापास्नं गांडुळं खातंय,” ती म्हणाली. “वाळवीची गरज नव्हती. मी सांगितलं न्हाय.”

महिपतीने वळून बघितलं. “म्हंजी मी इतके दिस पहाटं उठून...”

“सांगितलं असतं तर तुमी आला नसता.”

त्याच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. तो आलाही, निम्म्या वाटेपर्यंत. मग त्याला पुढचं समजलं, आणि तो खाली बघून हसायला लागला.

“तरीच,” सर्जेराव दिग्विजयला म्हणाले, “सरीत रोज उकरलेलं. मी घूस समजून सापळा लावला हुता.”

कोणी हसलं, कोणी पदर तोंडाला लावला. सर्जेराव मात्र हसले नाहीत. 

“हे बघ महिपती,” ते म्हणाले. “तुमी मेंढरंवालं, आमी ऊसवालं. भावकी काय म्हणंल ते मला आज सांगता यायचं न्हाय. आन् असल्या गोष्टी मी पोरासंगं बोलत न्हाय, थोरलं माणूस लागतंय. पण पंचमीला दारात आलेला माणूस उपाशी जाऊ नये. हातपाय धू.”

सिंधुबाईने ताट वाढलं, आणि तूप वाढायला मुद्दाम लेकीला पाठवलं. उत्कर्षाने वाढलेलं तूप दिंडावर कमी आणि ताटात जास्त पडलं. महिपतीने ताटातलं तूप बोटाने पुसून खाल्लं. पोटात भूक अशी नव्हतीच, तरी पानात त्याने काही टाकलं नाही.

निघताना ती त्याला कॅनॉलच्या पुलापर्यंत सोडायला गेली. कोणी अडवलं नाही, कोणी जा म्हणालंही नाही.

“रविवारी आईला घिऊन येतो,” तो म्हणाला.

“आबा न्हाय म्हणाले तर?”

“तर फुडच्या रविवारी परत आणतो.”

गाडी आली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दिग्विजय बरणी घेऊन निघाला, डोणी रिकामी झाली, सिंधुबाईने तिच्यात गुरांसाठी पाणी भरलं. उत्कर्षा त्या दिवशीही लवकरच उठली होती. सरीत जायचं काही काम उरलं नव्हतं, म्हणून ती अंगणातून स्टँडच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली. रविवार अजून लांब होता, पण आता वाट बघायला तिला कुणाचं निमित्त लागत नव्हतं.