गार लागलं का?

माझी पहिली भेट झाली ती त्याच्या पाठीशी. खरंच! तो ऑपरेशनच्या टेबलावर पाठ वाकवून बसलेला, आणि मी मणक्यात सुई घालायला मागे उभी.

"डॉक्टरीणबाई, आधी चेहरा तरी दाखवा... मग टोचा!"

दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो. शिडीवरून पडून घोटा मोडून घेतला होता. मी भूल द्यायला नुकती शिकत होते. कमरेखालचं बधिर करणारी दोन औषधं आम्ही ताडून बघत होतो. लिग्नोकेन लवकर उतरतं, ब्युपिव्हॅकेन रेंगाळतं. पण नेमका फरक किती? कुणाला कुठलं दिलंय, हे वरिष्ठ मलाही कळू द्यायचे नाहीत. ऑपरेशननंतर स्पिरिटचा बोळा धडक्या पायाच्या तळव्याला लावायचा आणि विचारायचं, "गार लागलं का?" 'हो' आलं की वेळ लिहायची — माझं येणं बंद.

"छे, नुसतं लाकूड!" तो म्हणायचा. "परत या."

मी परत जायचे. तो असा काही बोलायचा की भिंतीवरची पाल ऐकायला खाली उतरायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा!

दुपार कलली... उन्हं खिडकीतून निघून गेली... पाय आपला लाकूडच. इतकं तर कुठलंच औषध टिकत नाही. माझ्या सुईनं नस दुखावली असेल तर? हा पुन्हा शिडी चढलाच नाही तर? माझे डोळे भरून आले.

"अहो — रडू नका!" तो घाबरला आणि त्यानं पायाची पाचही बोटं नाचवून दाखवली. "केव्हाचं गार लागतंय. पण 'हो' म्हटलं असतं, तर तुम्ही..."

"लाज वाटते का जरा? जीव जायची वेळ आली माझा!"

मी त्याला अभ्यासातून तिथल्या तिथे काढून टाकलं.

"म्हणजे... आता येणार नाही?"

"येईन," मी दाराशी थांबून म्हटलं. "बोळा न घेता."

आता, इतक्या वर्षांच्या संसारानंतर, त्याला साखरेचा आजार आहे; तळवे खरोखरच बधिर होत चाललेत. काल संध्याकाळी मी त्याच्या पायाशी बसले.

"डोळे मिट. गार लागलं का?"

"लागलं की! बर्फ नुसता!"

मी अजून स्पिरिटच्या बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नव्हतं.

त्यानं डोळे उघडायच्या आत मी माझे पुसून घेतले. रडताना पाहिलं, तर खरं सांगून टाकेल लबाड.