जांभळ्या किड्यांची नजर

समता कॉलनीतल्या त्यांच्या भाड्याच्या घरामागं कडुलिंब होता, आणि त्याच्या खोडावर कौमुदीच्या मते असूच शकत नव्हते असे चार किडे होते. कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवण्यात तिची बारा वर्षं गेली होती. खंडोबाचा किडा, पुढचे पाय जोडून बसणारा प्रार्थनाकीटक, हिरवा असतो, नाहीतर वाळक्या पानासारखा. हे मात्र घासलेल्या तांब्यासारखे लखलखत होते, मानेपाशी जांभळे. सहा वर्षांच्या आनंदीनं ते शोधले होते.

"मम्मा, मत मारो ना. ये मेरे हैं."

"दोन ठेवू," असं म्हणून कौमुदीनं चारही मारले. या धंद्यातली माणसं अशीच. नर, मादी, पिल्लं, सगळं घर उचलल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

दुसऱ्या दुपारी तिनं ते टाचून ठेवलेली पेटी उघडली. या किड्याच्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. कुठूनही बघा, तो आपल्यावरच रोखलेला वाटतो. दोन माणसं दोन बाजूंना बसली, तर दोघांनाही. किडा मेला, वाळला, की ठिपका जातो. हे ती दरवर्षी पोरांना शिकवायची.

टाचणीवरच्या चौघांच्या डोळ्यांत ठिपका होता.

तिनं त्यांना पुन्हा तासभर विषाच्या बाटलीत ठेवलं. ठिपके तसेच. ती डावीकडं सरकली, पण ते तिच्याबरोबर सरकले नाहीत. तिच्या मागं, खुर्चीवर कागद कातरत बसलेल्या आनंदीवर ते रोखलेले होते.

"आनंदी, आत जाय."

पोरगी दारापर्यंत गेली. ठिपकेही दाराकडं वळले.

रविवार होता, नवरा घरीच होता. "शेखर, हिले आत्ताच्या आत्ता अभनपूरले मावशीकडं घेऊन जाय."

"काहून? ऊन पाह्यलं का बाहेर?"

"जाय म्हटलं ना!"

तिचा चेहरा बघून त्यानं पोरीला उचललं आणि गाडी काढली.

गाडी गेली. ठिपके दक्षिणेच्या भिंतीकडं, अभनपूरच्या दिशेला, वळून थांबले. कौमुदी पेटीसमोरून हलली नाही.

तासाभरानं ते फिकट झाले.

मग नाहीसे झाले. उरले नुसते मेलेले, काळपट डोळे.

ती हुंदके देऊन रडली, आणि स्वतःलाच हसली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचलो," शेखर म्हणाला. "कौमुदी, हिले काही झालं का?"

"काहून? रडून राहिली का?"

"नाही, चूप बसून आहे. मी हिच्या या बाजूले, मावशी त्या बाजूले. मले वाटते, माझ्याकडंच पाहून राहिली."

त्याच्या मागून मावशी काहीतरी बोलली.

"मावशी म्हणते, नाही, माझ्याकडं."